घरी सायकलची लिथियम बॅटरी बांधायचीय? आधी लॅपटॉपचे सेल आणि रिक्षाचा चार्जर बाजूला ठेव

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे ना: अमळनेरजवळच्या गावातून रोज कामाला जायला सायकलला ४८ व्होल्टचं २५० वॉटचं हब मोटर किट लावलंय, येऊन-जाऊन ४० किलोमीटर, भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या बॅटऱ्यांचं एक पोतं मिळालंय, त्यातले सेल काढून सोल्डर मारून १३ सिरीजचा (म्हणजे सेलांचे १३ टप्पे एकामागे एक जोडलेला) पॅक बांधायचा, चार्जर म्हणून काकांच्या ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा लावायचा, बॅटरी प्लॅस्टिकच्या पाइपात बसवायची, आणि वडील म्हणताय की घरात आग लागेल. मी भुसावळला आधी इन्व्हर्टर-यूपीएस आणि आता जास्त करून ई-बाईकच्याच बॅटऱ्यांचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडील बरोबर बोलताय. घरी पॅक बांधूच नये असं माझं म्हणणं नाही, पण तू जी यादी दिलीय त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलावी लागेल.

चार्जरपासून सुरू करतो, कारण यादीतली सगळ्यात डेंजर वस्तू तीच आहे आणि तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीय. ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा चार्जर चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी असतो. एकेक बॅटरी १४.४ ते १४.७ पर्यंत चढवायची म्हणजे टोटल ५७.६ ते ५९ च्या आसपास जातो. तुझा १३ सिरीजचा पॅक फुल्ल होतो ५४.६ ला, म्हणजे १३ गुणिले ४.२. आता ५९ ला १३ ने भागून बघ, एका सेलवर ४.५ व्होल्टच्या वर येतात. ४.२ ओलांडून सेल भरत राहिला की निगेटिव्ह बाजूला लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं, पॉझिटिव्ह बाजूचं मटेरियल अस्थिर होतं, सेल आतून तापतो, आणि एका हद्दीनंतर ती उष्णताच पुढची रिॲक्शन सुरू करते मग चार्जर काढून घेतला तरी थांबत नाही. थर्मल रनअवे म्हणताय ते हेच.

तू म्हणशील, बीएमएस (सेलांवर पहारा ठेवणारा आणि गडबड झाली की करंट तोडणारा बोर्ड) आहे ना, तो कट करेल. करेल की, आज करेल, उद्या पण करेल. पण बीएमएसवरचे मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, मरताना पुष्कळदा शॉर्ट होऊन मरतात, म्हणजे स्विच कायमचा ऑन राहतो, आणि तुला काही कळत नाही कारण चार्जिंग तर मस्त चालू असतं. म्हणून माझ्याकडे पॅक बांधायला शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच सांगतो की चार्जरने आपला आपण बरोबर व्होल्टला थांबायचं, मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरने आपला आपण बरोबर व्होल्टला बंद व्हायचं, सेल एकमेकांशी इतके जुळते घ्यायचे की फरक पडूच नये, आणि बीएमएसला वर्षभर काही कामच पडलं नाही पाहिजे. जो पॅक रोज बीएमएसच्या भरवशावर वाचतो तो पॅक खराब बांधलेला आहे, मग बीएमएस कितीही भारी कंपनीचा का असेना.

आता सेल. लॅपटॉपच्या पोत्याचा मोह मला समजतो, १८६५० साइजचे गोल सेल फुकटात मिळताय, आणि व्हिडिओत एक गोरा माणूस टेबलावर शंभर सेल मांडून पॅक बांधून दाखवतो. तो जे दाखवत नाही ते असं की त्याआधी त्याने प्रत्येक सेल फुल्ल चार्ज करून दोन-चार आठवडे नुसता ठेवून दिलेला असतो, कोणाचा व्होल्ट आपोआप उतरला ते बघितलेलं असतं, प्रत्येकाची कपॅसिटी आणि इंटर्नल रेझिस्टन्स मशीनवर मोजून मार्करने सेलवर लिहिलेला असतो, आणि निम्मे-पाऊण सेल फेकून दिलेले असतात. भंगारातल्या पॅकमधले बरेच सेल कित्येक महिने दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेले असतात. इतका खाली गेलेला सेल आतलं तांबं विरघळवतो आणि चार्ज करताना तेच तांबं नको तिथे परत जमतं, आतल्या आत शॉर्ट तयार होतो. असा सेल ‘जागा’ करता येतो, बाजारात करून देणारे बसलेत, चार्ज पण होतो, आणि एक दिवस काही कारण नसताना तापतो. शून्य दाखवणाऱ्या सेलला शॉक देऊन उठवायचा नाही, विषय संपला.

दुसरं, लॅपटॉपचे सेल हळूहळू करंट द्यायला बनवलेले असतात. आणि सिरीजमध्ये एक सेल कमजोर असला की बैलगाडीला एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपल्यासारखं होतं, तरणा काही जास्त ओढू शकत नाही पण म्हातारा मात्र मरतो. तोच सेल आधी रिकामा होतो, तोच आधी भरतो, रोज दोन्हीकडून मार खातो.

नवीन सेल घ्यायचे म्हटलं तरी ऑनलाइन ‘९९०० एमएएच’ लिहिलेले १८६५० बघून हुरळून जाऊ नको. या साइजमध्ये चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. सोनाराच्या काट्यावर ठेवलास की अर्ध्या डुप्लिकेट मालाचं पितळ तिथेच उघडं पडतं.

मी तुला १८६५० घे असंच म्हणणार नाही. तुझ्या कामाला आणि आपल्या हवेला एलएफपी घे, लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात नुसतं फॉस्फेट म्हणताय. एनएमसी, म्हणजे ४.२ व्होल्टला भरणारा नेहमीचा लिथियम सेल, त्याच्या मानाने जड आणि मोठी असते, पण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असल्यामुळे ती जास्त तापमानापर्यंत टिकते आणि बिघडली तरी एनएमसीएवढी भडकत नाही. पेटतच नाही असं मात्र समजू नको. आतलं इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच असतं, आणि सेल फुटला की हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि घशाला जाळणारे फ्लोराइडचे वायू बाहेर येतात, बंद खोलीत ते आगीइतकेच वाईट.

हिशोब असा कर. सपाट रस्त्यावर २५ च्या स्पीडने, थोडं पेडल मारत, सायकल किलोमीटरला १२ ते १५ वॉट-अवर खाते. तुझा रस्ता सपाट आहे पण समोरून वारा लागला की हा आकडा चढतो, साक्रीकडे पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. ४० किलोमीटरला ६०० वॉट-अवर धर, त्यावर जुनं होण्यासाठी आणि वाऱ्यासाठी थोडं ठेव. ३२१४० किंवा ३३१४० नावाने १५ एएचचे गोल एलएफपी सेल मिळताय, दोन्ही टोकांना बोल्ट लावायची सोय असलेले. ते १६ सिरीजमध्ये, पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेलं) काहीच नाही. ५१.२ गुणिले १५, ७६८ वॉट-अवर. नुसत्या सेलचं वजन पाच किलोच्या आतबाहेर, सायकलच्या त्रिकोणात किंवा कॅरियरखाली बसतं. पॅरलल ग्रुप नाही म्हणजे एक सेल बिघडून शेजाऱ्याचा करंट स्वतःत ओढण्याची भानगड नाही, आणि बीएमएसला एकेक सेल वेगळा दिसतो.

आणि मुख्य म्हणजे सोल्डर पण नाही आणि स्पॉट वेल्डिंग पण नाही. सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग आयर्न टेकवणं बंद कर भो, आतला सेपरेटर पातळ प्लॅस्टिकचा असतो, १३० डिग्रीच्या आसपास वितळतो, आणि सोल्डरची टोच तीनशेच्या वर असते. वरून काही दिसत नाही आणि आत नुकसान होऊन बसतं. स्पॉट वेल्डिंग चांगलंच असतं पण त्यासाठी चांगलं मशीन, हाताला सवय आणि अस्सल निकेल पट्टी पाहिजे. बाजारात निकेलच्या नावाने निकेल चढवलेली लोखंडी पट्टी देताय, लोहचुंबक दोघांना चिकटतं म्हणून त्याने कळत नाही. पट्टीवर ओरखडा मारून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की गंजते ती लोखंडी. बोल्टच्या सेलमध्ये ही सगळी कटकट मिटते. सोबत मिळणारा निकेल चढवलेला तांब्याचा बसबार, म्हणजे सेल जोडायची पट्टी, घ्यायचा, स्प्रिंग वॉशर टाकायचा, सेलवाल्याने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळायचा. जोर लावून आवळलं की टर्मिनल आतून उखडतं.

काम सुरू करायच्या आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेव, गळ्यातली चेन पण. पान्ह्याला टोक सोडून सगळीकडे हीट श्रिंक स्लीव्ह चढव. ५८ व्होल्टने माणूस सहसा मरत नाही, पण पान्हा दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पान्हा वितळून उडतो, म्हणून डोळ्याला गॉगल. जो बसबार लावून झाला तो लगेच झाकायचा, उघडं ठेवून चहाला जायचं नाही. नंतर कधी १८६५० वापरलेच तर एक गोष्ट ध्यानात ठेव, त्यांचं अख्खं डबडं निगेटिव्ह असतं, पॉझिटिव्ह टोकाच्या कडेपर्यंत, मध्ये फक्त एक बारीक गॅस्केट असतं. तिथे फिश पेपरची (करंट न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची) रिंग लावल्याशिवाय पट्टी ठेवायची नाही, रस्त्यावरच्या दणक्याने स्लीव्ह घासून कापली जाते आणि शॉर्ट तिथेच होतो.

जोडण्याआधी सगळे सेल एका लेव्हलला आणायचे. हे एलएफपीत जास्त महत्त्वाचं आहे कारण तिचा व्होल्टेज मधल्या सगळ्या भागात ३.२-३.३ लाच अडकून राहतो, ३० टक्के आणि ७० टक्के भरलेले दोन सेल मीटरवर जवळजवळ सारखेच दिसताय. म्हणून मीटर बघून ‘सगळे सेम आहेत’ म्हणणं फसवं. बेंच पॉवर सप्लाय असेल तर आधी काहीही न जोडता त्याला ३.६५ वर सेट कर, मग एकेक सेल लावून करंट अगदी कमी होईपर्यंत भर, किंवा सगळे पॅरललमध्ये जोडून एकदम भर. १५ एएचचे १६ सेल म्हणजे २४० एएच, अर्धे भरलेले आले असतील तर १० अँपिअरने १२ तास लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण हे केलं नाही तर बीएमएस पुढे कित्येक महिने बॅलन्स करत बसतो, त्याचा बॅलन्सिंग करंट बघ ना किती असतो, साध्या बोर्डात शंभर मिलिअँपिअरच्या आतच.

बीएमएस १६ सिरीज एलएफपीचाच पाहिजे. एनएमसीचा बोर्ड ४.२ च्या आसपास कट करतो, एलएफपीला ३.६५ ला थांबायचं असतं, म्हणजे तो बोर्ड लावला काय आणि नाही लावला काय. २५० वॉटच्या कंट्रोलरचा करंट १५ अँपिअरच्या आसपास असतो, त्याला ३० अँपिअरचा बोर्ड घे. थोडे जास्त पैसे टाकून मोबाइलवर सेल दिसतात असा स्मार्ट बीएमएस घे, डालीचा घे, जेबीडीचा घे, जेकेचा घे, पण टेम्परेचर सेन्सर असलेला. वायरी जोडताना आधी बी मायनस (पॅकचं मुख्य निगेटिव्ह), मग सेन्सच्या, म्हणजे एकेका सेलचा व्होल्ट मोजणाऱ्या, वायरी एकेक करून खालून वर. बोर्डाला प्लग लावायच्या आधी मल्टिमीटरची काळी पिन बी मायनसला धरून लाल पिन एकेका पिनवर ठेवत जा, ३.३, ६.६, ९.९ असं चढत गेलं पाहिजे. कुठे उडी दिसली किंवा तोच आकडा दोनदा आला तर वायर चुकलीय, तसाच प्लग लावला तर बोर्ड धुराने उत्तर देतो.

फ्यूजचं बोलायलाच पाहिजे, कारण आपल्याकडे दोन गोष्टी सर्रास चालताय. एक म्हणजे गाडीचा पात्याचा फ्यूज. तो ३२ व्होल्टचा असतो, ५८ व्होल्टवर तो वितळतो पण आतला आर्क (ठिणगीची सलग ज्वाळा) तुटत नाही. दुसरं म्हणजे घरातलं एमसीबी. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क विझतो, डीसी कधी शून्यावर येतच नाही. त्यामुळे ८० व्होल्ट डीसी किंवा जास्त रेटिंग लिहिलेला ३० अँपिअरचा फ्यूज घे आणि पॅकच्या पॉझिटिव्हपासून चार बोटांच्या आत लाव, कंट्रोलरजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर सोलली गेली तर ती उघडीच राहिली ना. वायर सिलिकॉनची, ४ चौरस मिलिमीटर भरपूर झाली. कनेक्टर एक्सटी९०-एस, त्यात रेझिस्टर असतो म्हणून कंट्रोलर जोडताना ठिणगी उडत नाही.

कंट्रोलर एकदा उघडून बघ. कपॅसिटरवर ६३ व्होल्ट लिहिलं असेल तर १६ सिरीजचे ५८.४ त्यात बसताय पण कडेकडेने. मनाला पटत नसेल तर १५ सिरीज कर, फुल्ल ५४.७५ होतो, आणि मग एनएमसीचा ५४.६ चा चार्जर पण त्याला बरोबर चालतो, एका सेलवर ३.६४ येतात. बीएमएस तेवढा १५ चा घ्यायचा. वॉट-अवर ७२० होताय, तुझं भागतं.

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न, ऊन. पुण्या-मुंबईचे लोक जे सल्ले देताय त्यात हे नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि बहुतेक सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची मर्यादा ४५ डिग्रीच लिहिलेली असते, डिस्चार्जची ६०. म्हणजे दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये लावलेली बॅटरी चार्जिंग सुरू व्हायच्या आधीच लाइनच्या बाहेर असते. उन्हात उभ्या सायकलवरचा काळा डबा तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून बीएमएसमध्ये चार्जिंगचा हाय टेम्परेचर कट ४५ ला सेट कर, आणि सेन्सर डब्याच्या भिंतीला न चिकटवता मधल्या सेलांच्या बेचक्यात चिकटव, तिथेच सगळ्यात जास्त तापतं. मग मे महिन्यात दुपारी बॅटरी चार्जच होणार नाही आणि तेच बरोबर आहे. असे महाभाग मी बघितलेत जे ‘उन्हाळ्यात बॅटरी चार्ज घेत नाही’ म्हणून सेन्सर कापून तिथे साधा रेझिस्टर लावून देताय. पॅक आला की आधी मी तेच शोधतो.

कामावरून आल्यावर लगेच प्लग लावू नको, तासभर सावलीत ठेव, हात लावून गार वाटली की मग. उन्हाळ्यात सगळ्यात चांगली वेळ पहाटेची, गजर लावून ४ ला उठवत नाही मी तुला, पण टायमरचा सॉकेट मिळतो आणि बॅटरी घराच्या बाहेर असेल तर तो चालतो. चार्जर ५८.४ चा, ३ ते ५ अँपिअरचा, तीन ते पाच तासांत फुल्ल. लाइट गेली-आली तर चार्जरला फरक पडत नाही, पण आपल्याकडे लाइट येताना व्होल्टेज उसळी मारतं म्हणून स्वस्तातला बिनब्रँडचा चार्जर टाळ. गावी लग्नाला आठवडाभर जाणार असशील तर बॅटरी फुल्ल करून ठेवू नको, निम्मी ठेव. भरलेली बॅटरी आणि ऊन, दोन्ही एकत्र आले की सेल सगळ्यात लवकर म्हातारा होतो.

डबा. पाइप स्वस्त, जळगावला तर बनतातच, त्यामुळे पीव्हीसी पाइपात सेल भरून दोन्ही बाजूंनी टोपण सोल्यूशनने चिकटवलेले पॅक माझ्याकडे आलेत आणि ते उघडताना मला घाम फुटतो. सेलने गॅस सोडला तर तो जाणार कुठे? तू बॅटरी नाही, बॉम्ब बांधलाय. एक-सव्वा मिलिमीटर लोखंडी पत्र्याचा डबा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घे, आतून सगळीकडे करंट न जाऊ देणारी ग्लास इपॉक्सी शीट लाव, आणि खालच्या बाजूला किंवा पायांपासून लांबच्या बाजूला गॅस निघायला वाट ठेव, तिच्यावर पाणी न येऊ देणारा व्हेंट बसव. वायरी खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या टोपणातून) काढ आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली एक वळसा दे म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता तिथूनच टपकेल. सेल होल्डरमध्ये घट्ट बसव, होल्डर आणि डब्यात रबर. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर ज्या चाकोऱ्या पडतात ना, त्या कच्च्या बांधणीला दोन महिन्यांत उघडं पाडताय. वायरी बांधायला ग्लू गन वापरू नको, आपल्या उन्हात तो गोंद मऊ होऊन सुटतो. सिलिकॉन वापर, पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो नको, तो तांबं खातो, न्यूट्रल लिहिलेला माग.

पहिलं चार्जिंग अंगणात, दिवसा, समोर बसून, २-३ अँपिअरवर. मोबाइलवर सेल बघत राहा. ३.४ च्या वर गेल्यावर एखादा सेल बाकीच्यांना सोडून पळत सुटला तर थांब, तो परत वेगळा काढून बॅलन्स कर. मग कपॅसिटी बघायला एक सोपी ट्रिक सांगतो, १२ व्होल्ट ५५ वॉटचे चार हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये जोड, पॅकला लाव, साडेचार अँपिअरच्या आसपास ओढताय, तीन-सव्वातीन तास चालले तर सेल अस्सल आहेत, दीड तासात बंद पडले तर सेलवाल्याकडे जा. बल्ब जाम तापताय, फरशीवर ठेव, कापडाजवळ नको. आठवडाभर चालवल्यावर डबा उघडून सगळे बोल्ट एकदा बघ, एखादा बसबार काळवंडलेला किंवा शेजाऱ्यापेक्षा गरम लागला तर तिथला जॉइंट ढिला आहे.

चार्जिंग कुठे करायचं, हे वडिलांच्या भीतीचं उत्तर आहे. घरात बाहेर पडायचा जो रस्ता आहे तिथे कधीच नाही, जिन्याखाली नाही, झोपायच्या खोलीत नाही. मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूत वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेली ई-बाईक पेटली आणि धुराने बाप-लेक गेले. पुढच्याच महिन्यात नाशिकला कंटेनरमधून नेत असलेल्या वीसेक ई-स्कूटरी जळाल्या. त्या वर्षीच्या असल्या घटनांनंतरच सरकारने एआयएस-१५६ हा बॅटरी सुरक्षेचा नियम कडक केला आणि डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केला. त्यात एक सेल आतून शॉर्ट झाला तर आग बाकीच्या पॅकमध्ये पसरते का ते पण तपासताय. तो नियम मोटार वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी आहे, तुझी सायकल २५० वॉटच्या आत आणि २५ च्या स्पीडच्या आत राहिली तर ती मोटार वाहन धरत नाही. म्हणूनच तुझा पॅक कोणी तपासणार नाही, तपासणारा तूच. आणि पुढे मोठी मोटर टाकली तर रजिस्ट्रेशन, लायसन्स सगळं मागे लागतं ते वेगळं.

आपल्याकडची अजून एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, ती म्हणजे कापूस. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत लोक घरात आढ्याला टेकेल इतका कापूस भरून ठेवताय, आणि त्याच घरात ओट्यावर गाडी चार्जिंगला. कापूस, कडबा, डिझेलचा कॅन, शेणी, यातलं काहीही जवळ असेल तिथे चार्जिंग बंद. ओट्याच्या बाहेर विटांचं छोटं कोनाडं बांध, वर सिमेंटचा पत्रा, खाली फरशी, समोर उघडं. दोनशे विटांचं काम आहे.

बॅटरी नुसती पडून असताना कोमट लागली, सेल फुगला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, किंवा एकच सेल रोज बाकीच्यांच्या खाली जातोय असं दिसलं तर त्याच दिवशी वापर बंद आणि बॅटरी मोकळ्या जागेत. ‘काही व्हत नही भो’ म्हणणारे चार जण भेटतीलच, त्यांना बॅटरी त्यांच्या ओट्यावर ठेवायला सांग. धूर किंवा फुसफुस सुरू झाली तर आधी माणसं बाहेर, मग जमलं तर मेन स्विच बंद, मग ११२ किंवा १०१. पाणी मारायचं, लांबून आणि भरपूर. पाण्याने लिथियम पेटतं म्हणून घाबरताय लोक, पण या सेलमध्ये धातूचं लिथियम नगण्य असतं, आणि पाणी सेलला गार करतं, वाळू आणि पावडरचा सिलिंडर फक्त वरची ज्वाळा दाबताय, आत ते शिजतच राहतं. विझल्यासारखं वाटलं तरी काही तासांनी परत पेटू शकतं, म्हणून निदान एक दिवस ती बाहेर मोकळ्यावर आणि तिच्याजवळ कोणी नाही.

मल्टिमीटर हातात धरून तुला खात्री वाटत नसेल, सगळे सेल एका लेव्हलला आणायचा परिच्छेद दोनदा वाचून पण डोक्यावरून गेला असेल, तर तयार टेस्टेड पॅक घेऊन टाक, त्यात कमीपणा काही नाही. बांधायचाच असेल तर सेलचं बिल आणि टेस्ट रिपोर्ट माग, डेटाशीट माग, आणि बांधून झाला की डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिही: एलएफपी, १६ सिरीज, ५८.४ चाच चार्जर. घरातलं दुसरं कोणीतरी कधीतरी रिक्षाचा प्लग उचलून लावणारच आहे, म्हणून चार्जिंगचा कनेक्टर पण रिक्षाच्या प्लगला बसणार नाही असाच निवड.

आणि ते लॅपटॉपच्या सेलचं पोतं घरात ठेवू नको. सुट्या सेलांच्या टोकांना टेप लाव, एकमेकांना घासतील असे पोत्यात कोंबू नको, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू टाकून त्यात ठेव आणि बॅटरी रीसायकल करणाऱ्याकडेच दे. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय, त्यामुळे नवीन सेल घेशील त्या डीलरला जुने घेतो का ते आधी विचार. त्यातले चार-पाच चांगले निघालेच तर टॉर्चमध्ये वापर, एकेकटे.